साडूंचा डावा हात

आमच्या साडूंचा जगातल्या कुठल्याही स्थिर वस्तूवर विश्वास नाही. उद्या त्यांना हिमालयाच्या पायथ्याशी उभं केलं तर बाकीचे लोक हात जोडतील, हा गृहस्थ मात्र डावा हात कड्याला टेकवेल, डोळे मिटेल आणि म्हणेल, "आहे. थोडा आहे." काय थोडा आहे, असं आम्ही हल्ली विचारत नाही. कंप. त्यांच्या मते प्रत्येक भिंतीला, खांबाला, टेबलाला आणि माणसाला थोडा कंप असतोच, आणि ज्याला तो लागत नाही त्याने नीट हात ठेवलेला नसतो. पोटासाठीही ते हेच करतात. कारखान्यातली यंत्रं किती हादरतात आणि त्या हादऱ्यांनी शेजारच्या इमारतींचं काय होतं, हे मोजणाऱ्या सिंगापूरच्या एका फर्ममध्ये ते इंजिनियर आहेत. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, एवढाच आमचा संबंध. मी इथे सिंगापूरला नोकरीला आलो तेव्हा ते विमानतळावर घ्यायला आले होते, आणि सामान उचलायच्या आधी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आपुलकी. ते म्हणाले, "बराच आहे. घाबरलायत." घाबरलो होतो हे खरं, पण ते बायकोसमोर जाहीर व्हायची काही गरज नव्हती.

हा डावा हात म्हणजे त्यांच्या घरातला एक स्वतंत्र सदस्य आहे. उजव्या हाताला लिहिणं, जेवणं आणि सह्या करणं एवढीच कामं. जगाशी ओळख डाव्या हाताने. आमच्याकडे आले की चपला काढता काढताच तो हात दाराच्या चौकटीवर जातो, आणि आम्ही "या" म्हणायच्या आत वरच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन तीन पायांवर उभं आहे हे आम्हाला कळतं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवायला जावं तर आम्ही सगळे गरम लाक्सा नूडल्सचे ट्रे धरून उभे, आणि हे एकेका टेबलावर तळहात ठेवत फिरताहेत. कारण या टेबलाला ज्यूसवाल्याच्या फ्रिजची घरघर लागते आणि त्या टेबलाला पंख्याची. इतकं करून बसलो की शेजारचा कुणीतरी पाय हलवायला लागतो आणि आमचं बिऱ्हाड पुन्हा उठतं. माझी मुलगी एकदा वैतागून म्हणाली, "काका, इट्स जस्ट अ टेबल, लाह." त्यावर त्यांनी तिला जवळ बसवलं, तिचा हात टेबलावर ठेवला आणि ठोका आणि घरघर यांतला फरक शिकवला. ठोका येतो आणि जातो, घरघर बसून राहते. लाक्सा गार झाला, पण पोरीला फरक कळला. सेरंगूनला त्यांच्या ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर एक चिनी आजी राहतात. आपल्या छताला हात लावून यांनी ओळखलं की वर शिवणयंत्राचा पाय उडतोय, आणि पाना हातात घेऊनच त्यांची बेल वाजवली. आजींनी आधी मुलाला फोन केला आणि मग पोलिसांना करणार होत्या. यांनी तेवढ्यात तो पाय घट्ट बसवून दिला, आणि आता दर चिनी नववर्षाला त्या यांच्या दाराशी संत्री ठेवून जातात.

या हाताची चेष्टा करायची आमची सोय संपली ती पुलाउ उबीनच्या सहलीत. दिवसभर त्या बेटावर सायकली चालवून दमलेले आम्ही परतीच्या बोटीत बसलो. छोटी लाकडी बोट, मधोमध इंजिन. साडूंनी सवयीने इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला आणि तो काढीचनात. मग नावाड्याला म्हणाले, "अंकल, बोल्ट लूज. स्टॉप." नावाडी हसला. "यू सिट डाऊन, लाह. माय बोट ओल्डर दॅन यू." साडू उभेच. ताई, म्हणजे माझी मेहुणी, ओढणीशी चाळा करत पाण्याकडे बघत होत्या, आणि आम्ही बाकीचे ओळख नसल्यासारखे बसलो होतो. मध्यावर आल्यावर झाकणाखाली काहीतरी धाडदिशी तुटलं. इंजिन बंद पडलं, बोट आडवी वळली, आणि समोरून येणारं एक मालवाहू जहाज भोंगा द्यायला लागलं. मुलीला छातीशी धरून मी एका हाताने लाइफ जॅकेटचे बंद शोधत होतो आणि ते सापडत नव्हते. जहाज अगदी जवळून गेलं. मागून आलेल्या दुसऱ्या बोटीने आम्हाला ओढत धक्क्याला लावलं. उतरताना नावाड्याने साडूंचा हात हातात घेतला आणि बाजारात मासा बघतात तसा उलटसुलट करून पाहिला.  घरी आल्यावर साडू म्हणाले, "मी अजून मोठ्याने सांगायला हवं होतं."

एवढा हात असलेला हा माणूस स्वतः मात्र हातावर विसंबत नाही. हाताला काय लागलं ते कागदावर येत नाही, दुसऱ्याला दाखवता येत नाही. खरं ते यंत्राचं. त्यांचे सेन्सर म्हणजे पेढ्याच्या डबीएवढे स्टीलचे जड ठोकळे, खाली चुंबक बसवलेले. ते ठोकळे साडू पोटच्या पोरांसारखे जपतात, आणि खंडेनवमीला त्यांची पूजा करतात. वडील साखर कारखान्यात फिटर होते. त्यांच्या घरी पान्यांची आणि हातोड्यांची पूजा व्हायची, तीच पद्धत सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये चालू आहे. पाटावर ओल्या गंधाचं स्वस्तिक, त्यावर अक्षता, त्यावर सेन्सर, भोवती लिटल इंडियातून आणलेले झेंडू, आणि मावेल तिथे घरातली कात्री, विळी आणि माझा कॅल्क्युलेटर. ताई हळदकुंकू वाहतात, साडू डोकं टेकवतात, आणि त्या दिवशी फर्मच्या मालकाचा फोन आला तरी हत्यार उचललं जात नाही. वडिलांचा आणखी एक दंडक ते पाळतात. पूजा झालेलं हत्यार आपण होऊन पुसायचं नाही. काम करता करता जे पुसलं जाईल ते जाईल. त्यामुळे दसऱ्यानंतरचे काही दिवस कुंकवाचे टिळे लावलेले सेन्सर तुआसच्या कारखान्यांतून खुशाल हिंडत असतात.

गेल्या वर्षी हे टिळे लावलेले सेन्सर आमच्याच कंपनीच्या दाराशी आले. मी पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. कारखाना वस्तीला लागून आहे. मध्ये एक अरुंद रस्ता, पलीकडे फ्लॅटचे ब्लॉक, आणि समोरच्या ब्लॉकच्या तळमजल्यावर म्हाताऱ्या माणसांचं डे-केअर सेंटर. आमच्या बॉसनी पत्रा दाबणारा एक नवा पॉवर प्रेस आणला. तो सकाळपासून ठण ठण सुरू व्हायचा, आणि थोड्याच दिवसांत सेंटरची तक्रार आली की भिंतीला तडा गेलाय, कप वाजतात, आणि म्हातारी माणसं भिंतीजवळ बसायला घाबरतात. सरकारी खात्याने सांगितलं, मोजा. हादरे मर्यादेबाहेर असतील तर प्रेस बंद. बॉसनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि आवाज न चढवता म्हणाले, "प्रेस स्टॉप, आय मूव्ह एव्हरीथिंग टू जोहोर. अकाउंट्स ऑल्सो." जोहोर पुलापलीकडे आहे, पण तो पूल ओलांडला की मलेशिया, आणि माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे कामाचा परवाना, पुलाच्या अलीकडचा, सिंगापूरचा. नोकरी गेली की पास गेला, आणि पास गेला की घर, मुलीची शाळा, सगळं आवरून विमानात बसायचं. मुलगी प्रायमरी फाइव्हला. मोठी परीक्षा पुढच्याच वर्षी. प्रेस निर्दोष ठरावा म्हणून मी देवाला हात जोडत होतो, पण त्या म्हाताऱ्या माणसांना मी रोज बघत होतो, त्यामुळे धड प्रार्थनाही करवत नव्हती. त्यातच कळलं की मोजायला येणार ते साडू. 

ते आले तो दिवस दसऱ्याचा. आल्या आल्या त्यांनी दोन्ही बाजूंच्या लोकांना एकत्र उभं केलं आणि जाहीर केलं की या कंपनीत त्यांचे साडू नोकरीला आहेत. साडू हे प्रकरण इंग्रजीत सांगणं सोपं नाही. "माय वाइफ्स सिस्टर्स हजबंड," ते म्हणाले. सेंटर चालवणाऱ्या मॅडम, करड्या चेहऱ्याच्या एक चिनी बाई, विचार करून म्हणाल्या, "सो फार ऑल्सो काउंट, आह?" "इन माय फॅमिली, काउंट," साडू म्हणाले. बॉसना वाटलं, आपलं काम झालं. मॅडमना वाटलं, एवढं उघड सांगणारा माणूस लबाड नसावा. कुणीच हरकत घेतली नाही. मी एकटाच त्यांना ओळखून होतो. नात्याचा माणूस म्हणून ते सैल सोडणार नव्हते, उलट करकचून आवळणार होते.

तडा गेलेल्या भिंतीजवळ बसायला न घाबरणारे एकच अंकल सेंटरमध्ये होते. ते भिंतीला लावलेल्या टेबलाशी कोपीचा, म्हणजे इथल्या दाट कॉफीचा, कप घेऊन बसलेले, आणि बशीत कप किणकिणत होता. साडूंनी आधी भिंतीवर डावा हात ठेवला. रस्त्यापलीकडे प्रेस चालूच होता. त्यांनी डोळे मिटले. कपाळावर बारीक आठी पडली. हात थोडा बाजूला सरकवला, पुन्हा पहिल्या जागी आणला. मला राहवेना. "काय लागतंय?" मी हळूच मराठीत विचारलं. त्यांनी चटका बसल्यासारखा हात काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा इंग्रजीत म्हणाले, "प्लीज डोन्ट टॉक टू मी ड्युरिंग मेजरमेंट." माझे कान तापले. मग त्यांनी भिंतीच्या पायथ्याशी फरशीवर एक लोखंडी पट्टी चिकटवली आणि पेटीतून टिळा लावलेला सेन्सर काढला. "व्हॉट इज द रेड?" मॅडमनी विचारलं. "ब्लेसिंग." पट्टीपाशी नेताच चुंबकाने सेन्सर टकदिशी चिकटला. एरवी ते तो बसवल्यावर बोटाने ढकलून बघतात. त्या दिवशी दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्या मानेवर वाकून उभे होते आणि ते घामाने निथळत होते. त्यांनी तसंच यंत्र चालू केलं. पडद्यावरची रेघ प्रेसच्या प्रत्येक ठोक्याला उंच उडी मारायला लागली. जेवणाच्या सुट्टीत प्रेस थांबला तेव्हा ती आडवी पडली, सुट्टी संपल्यावर पुन्हा उडायला लागली. बॉस माझ्याकडे बघत होते आणि मी फरशीकडे.

दोन दिवसांनी बैठक झाली. साडूंनी माझ्याकडे एकदाही न बघता सांगितलं की प्रेसचा ठोका भिंतीपर्यंत पोहोचतो आणि मर्यादेच्या बराच वर पोहोचतो. प्रेस बंद करावा, अशी त्यांची शिफारस आहे. पेन काढून त्यांनी खाली सही केली. खात्याचे अधिकारी म्हणाले, पुढच्या आठवड्यात अंतिम आदेश निघेल, तोवर चालू द्या. बाहेर आल्यावर बॉस मला म्हणाले, "युअर ओन रिलेटिव्ह. ही किल मी, ही किल यू ऑल्सो." दुपारपासून जोहोरच्या जागांची चौकशी सुरू झाली, आणि त्यातले काही फोन मलाच लावावे लागले.

घरी सुतक आल्यासारखं झालं. दोघी बहिणींचा रोज सकाळी फोन असतो, तो बंद पडला. बायकोने कुंडीतली तुळस शेजारणीला देऊ का म्हणून विचारलं, आणि मी "दे" म्हटल्यावर रडायला लागली. मुलीने जेवताना विचारलं, "आर वी गोइंग बॅक?" परत म्हणजे कुठे, हे तिला नीट माहीत नव्हतं, पुणं तिला सुट्टीपुरतं ठाऊक. मला साडूंचा भयंकर राग आला होता. प्रेस दोषी असेल तर बंद व्हायलाच हवा, हे मला पटत होतं, तरी राग जात नव्हता. ज्या माणसाने विमानतळावर माझा खांदा धरला त्याने मला लोकांसमोर गप्प बस म्हणावं, आणि नंतर एक साधा फोन करू नये, हे मला खुपत होतं.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात साडू. चौकटीला हात न लावता ते आत आले, आणि त्यांना ओळखायला लागल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं. हातात सेन्सरची पेटी, चेहरा उतरलेला. "तवा आहे का?" त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. "सपाट. लोखंडी." तिने धिरड्यांचा तवा आणून टेबलावर उपडा ठेवला. साडूंनी त्यावर सेन्सर ठेवला. टक करून चिकटला. त्यांनी बोटाने ढकलला, आणि तो ठोकळा एका कडेवर डुलला. टुक. दुसरीकडून ढकलला. टुक. मग त्यांनी तो उपटून उलटा माझ्या तळहातावर ठेवला. चुंबकाच्या कडेला, वाळलेल्या गंधात रुतून बसलेला, तांदळाचा एक लाल दाणा.

"अक्षता," माझी बायको म्हणाली.

"पाटावरची," साडू म्हणाले. "काल पेटी आवरताना हाताला लागला. वरून दिसत नाही. पुसायचं नाही म्हणून मी पुसलं नाही, आणि चुंबकाने तो लगेच चिकटला म्हणून उलटा करून बघितलं नाही. खाली दाणा, म्हणून डुलत होता. प्रेसच्या एवढ्याशा ठोक्याला एवढी उडी मारत होता."

मी खुर्चीत बसलो. ते उभेच होते. "भिंतीला मला ठोका लागलाच नव्हता," ते म्हणाले. "घरघर लागत होती. बसून राहणारी. हाताला स्पष्ट कळत होतं की हा प्रेस नाही. पण तुमची कंपनी. मला वाटलं, हाताला मोह पडलाय. तो तुमच्या बाजूने बोलतोय. म्हणून त्याचं ऐकलंच नाही."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला आणि मी घाईघाईने बोलायला लागलो. "मग सोपं आहे. उद्या जा, पुन्हा मोजा. सेन्सर बिघडला होता म्हणा. दाण्याचं कुणाला कशाला सांगायचं? हसतील लोक."

"सेन्सर बिघडला नव्हता. आणि पुन्हा मी मोजलं तर काय म्हणतील? साडूसाठी फिरवलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं." त्यांनी माझ्या हातातून सेन्सर घेऊन पेटीत ठेवला. "मला आता त्या भिंतीला हात लावता येणार नाही. दुसऱ्या कुणालातरी बोलवायला पाहिजे. आणि का बोलवायचं ते सांगायला पाहिजे."

"नोकरी जाईल तुमची."

"बघू." त्यांनी टेबलाचा आधार घेतला. मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला. बराच होता.  बायकोने चहा टाकला.

पुढची बैठक मी कधी विसरणार नाही. खात्याचे अधिकारी, बॉस, मॅडम आणि साडूंच्या फर्मचे मालक टेबलाभोवती बसले होते, आणि मी कोपऱ्यात. साडूंनी पांढऱ्या कागदावर तो दाणा ठेवला आणि तो कुठून आला, पूजा म्हणजे काय, पुसायचं का नसतं, हे सगळं एकेक करून सांगितलं. कुठलीच गोष्ट त्यांनी गाळली नाही. फर्मच्या मालकांचा चेहरा हळूहळू दगडासारखा होत गेला. कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. मॅडमनी वाकून दाणा बघितला. "द ब्लेसिंग?"

"येस. द ब्लेसिंग."

"फर्स्ट यू से बॅड. नाउ रिलेटिव्ह गॉट प्रॉब्लेम, यू से ओके?" हा प्रश्न येणार हे सगळ्यांना माहीत होतं. साडू म्हणाले, "आय से नथिंग. समबडी एल्स मेजर. नॉट माय कंपनी." आपल्याच फर्मच्या हातून काम काढून घ्या असं ते सांगत होते, आणि त्यांचे मालक समोर बसले होते. बॉसनी माझ्याकडे बघितलं. त्यांना आनंद व्हावा की नाही हे ठरवता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. पुन्हा मोजल्यावर प्रेसच दोषी निघाला असता तर साडूंची अब्रू गेली ती गेली, आणि माझंही काही वाचलं नसतं.

दुसऱ्या फर्मची एक मलय इंजिनियर बाई आली. तिने सेन्सरचा तळ फडक्याने पुसला, पट्टीवर बसवला, बोटाने ढकलून बघितला. साडू सेंटरच्या दुसऱ्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. उजव्या हाताखाली डावा हात दाबून धरलेला. प्रेस सुरू झाला. पडद्यावरची रेघ ठोक्याला किंचित हलायची आणि खाली यायची, पण ती आडवी पडत नव्हती. एकसारखी थरथरत होती. बाईने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "स्टॉप द प्रेस. हिअर, डोन्ट स्टॉप एनिथिंग." असं आजवर कुणी करून पाहिलंच नव्हतं. प्रेस आणि सेंटर एकाच वेळी सुरू व्हायचे आणि एकाच वेळी जेवायला थांबायचे. सुट्टीत सगळे मागच्या खोलीत जायचे आणि इथलं सगळं बंद करून जायचे. मी बॉसना फोन लावला. रस्त्यापलीकडची ठणठण थांबली.  त्या शांततेत अंकलचा कप बशीत किणकिणत होता.

"स्टिल गॉट," अंकल म्हणाले.

बाई बाहेर गेली, भिंतीच्या मागे. मॅडम तिच्या पाठोपाठ. मागे त्याच भिंतीला बोल्ट मारून नवीन एसीचं भलंमोठं युनिट टांगलेलं होतं, आणि तडा त्या बोल्टांपासूनच निघाला होता. मॅडमनी स्वतः जाऊन बटण बंद केलं. कप थांबला. अंकलनी तो उचलून कानाशी नेला, खाली ठेवला आणि कोपीचा घोट घेतला. मी वळून साडूंकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

एसीचं युनिट भिंतीवरून काढून जमिनीवर बसवलं, तडा बुजवला. जोहोरचं नाव बॉसनी पुन्हा काढलं नाही. माझा पास राहिला, मुलगी शाळेत राहिली, तुळस शेजारणीकडून परत आली. साडूंची नोकरीही राहिली, पण मालकांनी त्यांना बाहेरच्या कामावरून काढलं. आता ते ऑफिसात बसून दुसऱ्यांनी मोजून आणलेलं तपासतात. सेन्सर दुसरे लोक नेतात. ते याविषयी बोलत नाहीत. फक्त हॉकर सेंटरमध्ये हल्ली रिकामं दिसेल त्या टेबलाशी बसतात, आणि मला ते बघवत नाही. परवा माझी मुलगी ट्रे धरून उभी राहिली, टेबलावर हात ठेवला आणि म्हणाली, "काका, घरघर. दॅट वन बेटर." ते हसले आणि तिच्यामागून उठून गेले.

यंदाच्या खंडेनवमीला आम्ही सेरंगूनला गेलो होतो. पाट मांडलेला, झेंडू आणलेले, कात्री, विळी, माझा कॅल्क्युलेटर. मध्ये सेन्सरची जागा तेवढी रिकामी. ताईंनी या वर्षी पाटावर अक्षता घातल्याच नव्हत्या, नुसतं कोरड्या रांगोळीचं स्वस्तिक काढलं होतं. त्यांनी सगळ्या हत्यारांना हळदकुंकू वाहिलं आणि त्या रिकाम्या जागेपाशी त्यांचं बोट थांबलं.  तेवढ्यात साडू पाटाजवळ बसले आणि त्यांनी डावा हात तळवा वर करून त्या जागेवर ठेवला.

"अहो, डावा काय," ताई म्हणाल्या. "उजवा पुढे करा."

"उजवा नुसत्या सह्या करतो," साडू म्हणाले. "कळतं याला."

ताईंनी त्या तळहातावर हळद लावली, कुंकू लावलं. मग उठून आत गेल्या आणि वाटीत चिमूटभर अक्षता घेऊन आल्या.  "टाक," साडू म्हणाले. त्यांनी टाकल्या. साडूंनी मूठ मिटली. नंतर पानं वाढली, आम्ही सगळे जेवायला बसलो, आणि जेवण होईपर्यंत त्यांनी ती उघडली नाही.